दहा फूट काळी वायर

बावीस वर्षं वहिनींनी त्या फ्यूजच्या बोर्डाला कुणाला हात लावू दिला नव्हता. फ्यूज उडाला की धाकट्याला निरोप जायचा आणि तो येईपर्यंत त्या मेणबत्ती लावून बसून राहायच्या. स्वतः पुढे होणं नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला होऊ देणंही नाही. पण गेल्या आठवड्यात मीटर बदलायला एक माणूस आला, त्याने बोर्डाचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "काकू, हे घर अजून जळलं कसं नाही तेच नवल." बोलायची काही पद्धत असते, पण बोलला ते खोटं नव्हतं. लाकडी फळी मागून काळी पडली होती आणि चिनी मातीच्या सहा फ्यूजपैकी दोन तडकले होते.

म्हणून आज धाकटा सकाळीच शिडी आणि हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला होता. धाकटा म्हणजे चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देणारा माणूस. थोरला भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली तरी ह्याचं धाकटेपण काही सुटलं नाही. धंद्याने दोघेही वायरमन. ह्या घराचं वायरिंग दोघांनी मिळून केलेलं, एकतीस वर्षांपूर्वी, थोरल्याची मुलगी चिमणी दोन वर्षांची असताना.

"वहिनी, आधी कुठला फ्यूज कशाचा ते बघू," धाकटा म्हणाला. "मी इथून एकेक काढतो. तुम्ही दिवा गेला की ओरडा."

"ओरडायला मी काय भाजीवाली आहे?" वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण निघाल्या.

एक नंबर काढला, पुढच्या खोलीतून आवाज आला, "गेला!" दोन नंबर काढला, झोपायच्या खोलीतून, "गेला! पंखा पण गेला!" काम रंगात आलं होतं. वहिनी ह्या खोलीतून त्या खोलीत लगबगीने जात होत्या आणि धाकटा पेन्सिलीने पुठ्ठ्यावर टिपत होता. मग त्याने तीन नंबर काढला. आवाज नाही.

"वहिनी? गेला का?"

धाकट्याने मान वळवून पाहिलं, तर वहिनी मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. धाकट्याला स्वतःचाच राग आला. एवढी अक्कल असू नये माणसाला? तीन नंबर मागच्या खोलीचा हे त्याला पाठ होतं, विचारायची गरजच नव्हती. त्याने फ्यूज मुकाट्याने खिशात टाकला आणि म्हणाला, "चहा टाका वहिनी. उरलेले मी बघतो."

बावीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत दादा, थोरला भाऊ, गेला होता. छताला नवा पंखा बसवायचा होता. दादा शिडीवर चढला आणि त्याने सांगितलं, तीन नंबर काढ गं. वहिनी बोर्डापाशी गेल्या. दादाने वरच्या डबीतली वायरची गाठ सोडली आणि शिडीवरून जो खाली आला तो मेलेलाच. धाकटा धावत पोचला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि त्याने पहिल्यांदा पाहिला तो बोर्ड. सहाचे सहा फ्यूज जागच्या जागी होते. वहिनी सारखं एकच म्हणत होत्या, "मी काढला होता हो, माझ्या हातात होता." पण हातात काही नव्हतं आणि फ्यूज तर समोर बसलेला दिसत होता. मग कोण विश्वास ठेवणार?

अकरा वर्षांची चिमणी सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "तू मारलंस बाबांना." बाकीच्यांची तोंडं सुटायच्या आत धाकटाच पुढे झाला. "माणूस आहे, होतं असं," तो म्हणाला. "वहिनींना कुणी एक शब्द बोलायचा नाही. मी भाऊ आहे ना त्याचा? मी त्यांना माफ केलंय." लोकांनी त्याचं मन केवढं मोठं म्हणून तोंडभरून कौतुक केलं. वहिनींनी त्याच्यापुढे हात जोडले. सुरुवातीला महिनाभर त्या म्हणत राहिल्या की मी काढला होता. मग म्हणेनाशा झाल्या. मग हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं, की नसेलच काढला.

तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नाही. गॅस बंद केला की पुन्हा बघायचा, मग तिसऱ्यांदा बघायचा. कुलूप लावलं की शेजारणीला विचारायचं, "बाई, लावलंय ना मी?" पोरंटोरं हसायची. चिमणी मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा, पण काकाला. "काका, गुडघे काय म्हणतात? काका, जेवण वेळेवर करता ना?" आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, "ती बरी आहे ना?" आई हा शब्द तिच्या तोंडून बावीस वर्षांत निघाला नव्हता. धाकट्याला मूलबाळ नाही, बायको केव्हाच गेलेली. रविवारच्या त्या फोनवर त्याचा आठवडा निघायचा, खोटं कशाला बोला.

दुपारपर्यंत जुना बोर्ड खाली उतरला. नवा पांढरा डबा भिंतीवर बसला, आत स्विचांची नीटनेटकी रांग. धाकट्याने घराचे दोन भाग केले होते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकीकडे, बाकीच्या खोल्या दुसरीकडे, आणि दोन्हींवर एकेक संरक्षक स्विच. वहिनींना समजावं म्हणून त्याने त्याला राखणदार असं नाव दिलं.

"हे बघा वहिनी, वायरी दोन. लाल वायर वीज घेऊन जाते, काळी वायर परत आणते. हा राखणदार दाराशी बसून मोजतो, किती बाहेर गेली, किती परत आली. फरक दिसला की पडतो, आणि सगळं बंद. तेव्हा हा असता तर..." पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"आणि दोन कशाला?"

"न्हाणीघरात काही बिघडलं तर सगळं घर अंधारात बसायला नको. अर्ध्या घरात तरी दिसावं."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "मेणबत्त्या फार महाग झाल्यात."

धाकट्याने मेन स्विच वर केला. दिवे लागले. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. खट्! दोन्ही राखणदार एकदम पडले.

"झालं कल्याण," धाकटा म्हणाला. त्याने पुन्हा वर केले. फ्रिज घुरघुरला, खट्. त्याने फ्रिजला शिव्या घातल्या. फ्रिजचा प्लग काढला, सगळं सुरळीत. लावला, खट्. बरं, फ्रिजमध्ये गळती असती तर स्वयंपाकघराचा एकटा पडला असता. दोन्ही पडतात म्हणजे वीज एका राखणदारासमोरून बाहेर जातेय आणि दुसऱ्यासमोरून परत येतेय. स्वयंपाकघराची काळी वायर भलत्याच वाटेने परत येत होती.

हे कळायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. तीस वर्षांवर ह्या धंद्यात गेलेली. असल्या वायरिंगवर तो इतरांना किती बोलला असेल! आणि त्यात धोका काय असतो तेही त्याला ठाऊक होतं. तुम्ही खोलीचा फ्यूज काढता, दिवा जातो, टेस्टर लावला तर पेटत नाही. तुम्ही निर्धास्तपणे काळ्या वायरीची गाठ सोडता. पण त्याच वायरीवरून दुसऱ्या खोलीतली वीज परत जात असते. गाठ सुटली की ती वीज त्या सुट्या टोकाशी येऊन थांबते, तुमच्या बोटांत.

धाकटा शिडी घेऊन स्वयंपाकघरात गेला. दाराच्या वर भिंतीत एक गोल डबी होती, तिच्यावर तीनदा रंग चढलेला. त्याने टेस्टरने रंग खरवडला, स्क्रू काढले, झाकण उघडलं.

आत एक काळी वायर होती. ती खाली बोर्डाकडे जायला हवी होती. पण ती भिंतीतून पलीकडे, मागच्या खोलीत घुसलेल्या दुसऱ्या काळ्या वायरीला बांधलेली होती. मागच्या खोलीत दादाने त्या दिवशी सोडलेली गाठ नंतर कुणा दुसऱ्या वायरमनने बांधली होती. पण अलीकडची ही गाठ एकतीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. धाकट्याने चिकटपट्टी सोलली. तांब्याच्या तारांचा पीळ उलटा होता.

आता सगळ्या वायरमनांचा पीळ उजवीकडे पडतो. उलटा पडतो तो डावखुऱ्याचा. दादा नेहमी चिडवायचा, "तुझी गाठ अंधारात पण ओळखेन मी. उलटी असते, पण घट्ट असते बघ." ह्या घराचं वायरिंग करताना फक्त दोघांचे हात लागले होते, आणि त्यातला डावखुरा एकच.

मग त्याला आठवलं. आठवलं म्हणजे इतकी वर्षं दारामागे उभं असलेलं काहीतरी आत आलं. कामाचा शेवटचा दिवस होता. काळी वायर संपली होती. दहा फूट कमी पडत होती, जास्त नाही. दुकान चौकाच्या पलीकडे, आणि ह्याच्या खिशात सहाच्या सिनेमाचं तिकीट. बाहेर मित्र शिट्ट्या मारत होते. त्याने जवळची वायर पकडली, पीळ दिला, पट्टी गुंडाळली, झाकण लावलं. खालून दादाने विचारलं, "स्वयंपाकघराची परतीची वायर बोर्डापर्यंत आणलीस ना रे?" आणि तो म्हणाला, "आणली."

दादाने पुन्हा पाहिलं नाही. धाकट्या भावाचं काम काय तपासायचं?

"सापडलं का भावजी?" खालून वहिनींनी विचारलं.

"उंदीर," धाकटा म्हणाला. "उंदराने वायर कुरतडलीय. करतो नीट."

त्याने पकडीने ती गाठ दोन्हीकडून कापली आणि खिशात टाकली. पिशवीतून काळी वायर काढली, मोजली, दहा फूट. डबीपासून नळीतून खाली बोर्डापर्यंत ओढली आणि जिथे जोडायला हवी होती तिथे जोडली. घड्याळात पाहिलं. पंधरा मिनिटं लागली होती. पंधरा मिनिटांचं काम! ते एक माणूस खाऊन बसलं होतं, आणि दुसऱ्याला बावीस वर्षं रोज थोडंथोडं खात होतं.

फ्रिज घुरघुरला. राखणदार जागचे हलले नाहीत.

आता कुणालाही काही कळणार नव्हतं. गाठ त्याच्या खिशात होती, वाटेत कुठल्याही उकिरड्यावर फेकता आली असती. उद्या रविवार होता. चिमणीचा फोन येणार होता. ती विचारणार होती, काका, झाला का बोर्ड? तो म्हणणार होता, झाला गं. बास. एवढंच तर करायचं होतं. आणि त्याला ते करावंसं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. ह्या वयात त्या पोरीचा आवाज गेला तर त्याच्याकडे दुसरं होतं काय?

वहिनी टेबलापाशी कागदाच्या पट्ट्या कापून बसल्या होत्या. स्विचांखाली लावायच्या चिठ्ठ्या. अक्षर त्यांचं पहिल्यापासून सुंदर. पुढची खोली. झोपायची खोली. मागची खोली. सहाही चिठ्ठ्या लिहून त्यांनी पुठ्ठ्याशी ताडून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि तिसऱ्यांदा ताडायला घेतल्या. मग सगळा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

"भावजी, तुम्हीच बघा. बरोबर क्रमाने आहेत का? माझ्या हातावर नका विसंबू. एकदा विसंबले तुमचे दादा."

त्या हे हसून म्हणाल्या. रोजचं वाक्य असल्यासारखं, कुलूप लावलंय ना बाई, तसं. धाकट्याने चिठ्ठ्या हातात घेतल्या. एकही चूक नव्हती.

त्याने खिशात हात घातला आणि तो तांब्याचा तुकडा टेबलावर ठेवला.

"वहिनी, उंदीर नव्हता."

"मग?"

"मी होतो."

त्याने सगळं सांगितलं. दहा फूट सांगितली, सिनेमाचं तिकीट सांगितलं, 'आणली' म्हणालो तेही सांगितलं. मध्ये थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करणार नाही हे त्याला माहीत होतं. "तुम्ही फ्यूज काढला होता वहिनी. बरोबर काढला होता. दादाने टेस्टर लावूनच गाठ सोडली असणार. तिकडे फ्रिज चालू होता. गर्दीत उजेड हवा म्हणून कुणीतरी फ्यूज परत बसवला असेल, मी तो बसलेला पाहिला आणि..."

"आणि मला माफ केलंत," वहिनी म्हणाल्या.

धाकट्याची मान खाली गेली.

"सगळ्यांसमोर. मी हात जोडले होते तुम्हाला. आठवतं?"

"आठवतं."

"चिनी माती गार लागते," वहिनी म्हणाल्या. त्या उजव्या हाताकडे बघत होत्या. "तो गारवा मला अजून इथे आठवतो. मी म्हणायचे मनात, न काढलेल्या फ्यूजचा गारवा कसा आठवेल? मग म्हणायचे, वेडी झालीस तू. बावीस वर्षं मी स्वतःला वेडी म्हणत आले भावजी." आणि मग त्या रडल्या. तोंडाला पदर वगैरे काही लावला नाही. मोठ्याने रडल्या, लहान मुलावर खोटा आळ घ्यावा आणि मग तो फिटावा तशा. धाकटा उभाच राहिला. जवळ जायची त्याची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "चिमणीला फोन लावा."

"उद्या तिचाच येईल..."

"आत्ता. आणि मला सांगितलंत तसं सांगा. उंदीर नको."

त्याने फोन लावला. "काका! आज कसा काय?" पलीकडचा तो आनंदी आवाज ऐकून त्याला क्षणभर वाटलं की ठेवून द्यावा. वहिनी समोर बसल्या होत्या. त्याने सांगितलं. ह्या वेळी जास्त वेळ लागला, कारण पलीकडून हूं की चूं येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या आईने फ्यूज काढला होता चिमणे. चूक माझी होती." पलीकडे कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला. रस्त्यावर असावी.

"चिमणे, ऐकतेस ना?"

"फोन आईला द्या," चिमणी म्हणाली.

काका म्हणाली नाही. आपल्याला ते लगेच कळावं ह्याचंच धाकट्याला वाईट वाटलं. त्याने फोन पुढे केला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कानाला लावला. पलीकडून रडण्याचा आवाज धाकट्यालाही ऐकू येत होता.

"अगं, हो," वहिनी म्हणाल्या. "हो गं. असू दे. अकरा वर्षांची होतीस तू. आधी रस्त्यातून बाजूला हो बघू."

धाकट्याने सहा चिठ्ठ्या स्विचांखाली एकेक करून चिकटवल्या. त्या वाकड्या जाऊ नयेत म्हणून नखाने दाबून बसवल्या. जुना बोर्ड पोत्यात घातला, पक्कड, टेस्टर, पट्टी पिशवीत टाकली, भिंतीखाली पडलेला रंगाचा चुरा झाडून घेतला. खिशात तीन नंबरचा फ्यूज लागला, तोही पोत्यात जाणार होता. तो त्याने हातात धरून पाहिला. गार होता. मग तो टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. वहिनी फोनवर होत्या. "तू कधी येतेस?" असं विचारत होत्या, आणि उत्तर ऐकून कॅलेंडरकडे बघत होत्या. शिडी खांद्यावर घेऊन धाकटा दारापर्यंत गेला.

"भावजी."

तो थांबला. वहिनींनी फोन कानापासून थोडा दूर धरला होता. त्याला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या, माणूस आहे, होतं असं. बावीस वर्षांपूर्वी त्याने म्हटलेलं वाक्य त्याला आता स्वतःसाठी हवं होतं. ते कुणी द्यावं ह्यासाठी त्याने काहीही केलं असतं.

वहिनींनी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सवयीने त्याने टेबलावरचा तो तांब्याचा तुकडाही उचलून मुठीत धरला होता.

"तो इथे ठेवून जा," वहिनी म्हणाल्या. "चिमणीला दाखवायचाय."

धाकटा परत आला, त्याने तो तुकडा फ्यूजशेजारी ठेवला आणि शिडी उचलून जिना उतरला.